जिन्यातली बाई

दुपारी तीनच्या ठोक्याला माझा फोन वाजायचा आणि पलीकडून माझी मोठी बहीण विचारायची, "भाऊ, आज कुणाला मारायचं?"

मी नाशकात गंगापूर रोडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. एकटाच. आमच्या हिला जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा परदेशात. आक्का निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात, द्राक्षबागेला लागून असलेल्या घरात, मुलगा, सून आणि दोन नातवंडांसोबत. मी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आक्का चौथीनंतर शाळेत गेली नाही, कारण मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. आमच्या दोघांच्या आयुष्याचा हिशेब एवढ्यातच आला, आणि तो मांडायला मला आवडत नाही.

सिनेमाचं वेड मला म्हातारपणी लागलं. मुलाने एक टॅब पाठवला होता, "बाबा, काहीतरी बघत जा" म्हणून. मालिका मला बघवत नाहीत आणि बातम्या ऐकवत नाहीत. इंग्रजी उच्चारांचा कसलासा व्हिडिओ बघता बघता एका दुपारी आपोआप एक काळापांढरा सिनेमा सुरू झाला. ब्रिटिश, बोलपट नुकते सुरू झाले होते त्या काळातला. धुकं, मोठं घर, गच्च मिशांचा म्हातारा आणि त्याचं मृत्युपत्र. पाचव्या मिनिटाला म्हातारा गालिच्यावर आडवा. सगळा मामला तासाभराचा. त्या तासात खून, चौकशी, अटक आणि शेवटी एक लग्नही जमतं. मी उठलोच नाही. ज्या भाषेवर मी आयुष्यभर पोट भरलं, ती कुणीतरी इतकी स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलताना मी पहिल्यांदाच निवांत ऐकत होतो.

मग मी तसलेच शोधून शोधून बघू लागलो. ते फुकट असतात आणि ढिगाने असतात. तिकडे म्हणे कायदाच झाला होता, की थिएटरवाल्यांनी अमुक इतके तरी देशी सिनेमे दाखवलेच पाहिजेत. कायदा आला की काय होतं हे अनुदानित शाळेत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्ही जशा वह्या पूर्ण करायचो, तसे त्यांनी सिनेमे पूर्ण केले. थोडक्या पैशात, थोडक्या दिवसांत. दार आपटलं की भिंत हलते. एकाच घरात दहा वेगवेगळ्या म्हाताऱ्यांचे खून होतात. तीच फुलदाणी, तेच घड्याळ, आणि तोच एक वळणाचा जिना, ज्यावरून किंकाळी ऐकून एक बाई हातात मेणबत्ती घेऊन खाली येते. परवाचा इन्स्पेक्टर आज खुनी असतो आणि उद्या नुसता चहा आणून ठेवतो.

मागच्या जुलैत आक्काला मी एकदा सहज एका सिनेमाची गोष्ट फोनवर सांगितली. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. "मला दाव ना तसला. तू सांग, मी बघते." झालं. नातवाचा जुना मोठा फोन तिच्याकडे पडून होता, त्यावर मी सिनेमा पाठवायचो. बोलायला तिचा बटणांचा फोन. एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम सुरू करायचं आणि मी इंग्रजीचं मराठी करत जायचं.

एकदम सुरू केलं तरी एकत्र राहणं अवघड होतं. मधेच तिच्याकडे ठिबक सिंचनाची जाहिरात लागायची, माझ्याकडे गुडघेदुखीच्या तेलाची. मग कुणीतरी मागे पडायचं. मी सांगायचो, "हा बघ, वकिलाने पिस्तूल काढलं," आणि ती ओरडायची, "थांब रे, माझी बाई अजून जिन्यात हाय!" त्या जिन्यातल्या बाईवरून आम्ही घड्याळं लावायचो. ती बाई दोघांकडे खाली उतरली की मग पुढे.

आक्का पहिल्या दहा मिनिटांत खुनी ओळखायची. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना. "जो लय मायेनं बोलू राहिला, तोच," हा तिचा सिद्धांत. द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये तिने उमेदीची वर्षं घालवली. घड हातात घेतल्याबरोबर आतला सडका मणी तिला कळतो. मला मात्र शेवटपर्यंत नोकरच वाटत राहायचा. तिचे प्रश्नही भलतेच. "ही समदी त्या फुलांशी काय बोलू राहिली?" मी थक्क झालो. खरंच, ज्याला बोलायचं असेल तो उठून फुलदाणीजवळ येत होता. मग मी वाचून तिला सांगितलं, की तेव्हा माइक एका जागी लपवून ठेवत, कधी फुलदाणीत सुद्धा. लांबून बोललेलं त्याला ऐकू जायचं नाही. आणि मागे वाद्यं फारशी नसायची, म्हणून कुणी बोलत नसलं की खोली ऐकू येते. घड्याळ, बूट, नुसतीच सूंऽऽ अशी खरखर.

"म्हंजी गप बसलं तरी कळतं, घरात कोण हाय अन कोण नाय," आक्का म्हणाली.

तीन ते चार. उरलेल्या तेवीस तासांत माझ्याशी कोण बोलायचं? दूधवाला पिशवी अडकवून जातो. समोरचे दोघं नोकरीवाले, लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवतात. मुलाचा फोन रविवारी. दुपारी तीनला मी स्वच्छ शर्ट घालून बसायचो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

गणपतीनंतर मला कमी ऐकू यायला लागलं. आधी त्या सिनेमांचीच खरखर वाढली असं वाटलं. जुना माल, त्याला काय. मी टॅबचा आवाज वाढवला, मग कानाशी धरला. पण कानाशी धरला तर चित्र दिसेना, आणि समोर धरला तर माणसं नुसतीच तोंडं हलवताना दिसत. फोनवर आक्काचा आवाज कळायचा. तो मला जन्मापासून पाठ आहे आणि ती बोलतेही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर. पण इंग्रजी हळूहळू गेलं. ज्याने तीस वर्षं पोरांना इंग्रजी ऐकवलं त्याला आता इंग्रजी ऐकू येत नव्हतं.

तिला सांगावं असं एकदा मनात आलं. पण मग काय? ती म्हणाली असती, "राहू दे मग, कान दाखव आधी." आणि तीनचा फोन बंद. बहिरा दुभाषी कुणाला हवा? मी घाबरलो. घाबरलो आणि गोष्ट रचून सांगायला लागलो.

पहिल्यांदा थोडीशीच. एखादं वाक्य निसटलं की ठिगळ. दिवाळी आली तेव्हा सगळाच सदरा ठिगळांचा झाला होता. पडद्यावर दोन माणसं सिगारेट ओढत पुटपुटायची आणि मी त्यांना जमिनीच्या वाटणीवरून भांडायला लावायचो. विधवेला मी सवत दिली, डॉक्टरला कर्ज दिलं, एका मुक्या दिसणाऱ्या माळ्याला तर दोन खून बहाल केले. खरं सांगू? मला मजा येत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले धडे शिकवले, आता माझं चालत होतं.

आक्का म्हणायची, "लय भारी." मधेच म्हणायची, "अरे, मोठ्यानं सांग, पोरांनी लय गोंधळ घातलाय इथं. अन सूनबाईच्या माहेरची माणसं आलीत." मला तिकडचं काहीच ऐकू यायचं नाही. पण तसं कसं म्हणणार? मी म्हणायचो, "हो ना, केवढा गोंधळ! मला इथवर ऐकू येतोय." आणि फोन ठेवल्यावर तिचा हेवा करायचो. भरल्या घरातून वेळ काढून ती माझ्यासारख्या सड्याफटिंगाला एक तास देते, हे माझ्या मनाला टोचायचंही आणि बरंही वाटायचं.

मग मार्चमधली ती दुपार. सिनेमा नेहमीसारखाच झाला. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, एकेकाची उलटतपासणी केली. मी प्रश्नोत्तरं रंगवून रंगवून सांगितली. आक्का योग्य जागी "हां", "मंग?", "बाई बाई!" करत होती. मधे माझ्याकडे जाहिरात लागली तेव्हा मी विचारलं, "कुठवर आलीस?" म्हणाली, "बाई जिन्यात हाय." शेवटी मी डॉक्टरला बेड्या घातल्या. ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं."

पाचच्या सुमारास उद्याचा सिनेमा पाठवायला बसलो आणि लक्षात आलं, की आज मी तिला पाठवला होता एक आणि स्वतः लावला होता दुसराच. दोन्हींच्या चित्रात तोच जिना होता, त्यामुळे बोट चुकलं. मी तिला पाठवलेला उघडून पाहिला. तेच घर, तीच फुलदाणी, तोच इन्स्पेक्टर करणारा नट. फक्त या सिनेमात तो इन्स्पेक्टर नव्हताच. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी त्याच्या पाठीत सुरा खुपसतो आणि पुढचा सगळा वेळ तो चादरीखाली पडलेला असतो.

म्हणजे मेलेल्या माणसाने तासभर उलटतपासणी घेतल्याचं मी सांगत होतो आणि ते तिने "हां, मंग?" करत ऐकून घेतलं होतं.

मी तडक फोन लावला. "आक्का, तू सिनेमा बघतेस का?"

ती हसायला लागली. "नाय रे. दिवाळीपासून नाय बघत. फोन पालथा घालून ठेवते."

"का?"

"तू सांगतो अन तिथं दिसतं, ते जुळतच नाय. तिकडं माणूस मरून पडलेलं, अन तू त्याला चहा पाजू राहिला. बघत बसलं की तुझी गोष्ट बिघडती. म्हणून मी बघायचं सोडलं."

"तुला कळलं कधी?"

"अरे, तू पहिलीत व्हता तव्हापासून कळतं मला. मी भाकरी थापायची अन तू धडा वाचून दावायचा. शब्द अडला की आपल्या मनचं घालायचा. खोटं सांगायला लागला की आवाज गोड होतो तुझा. ऐकू येत नाय ना तुला, भाऊ?"

माझा स्वभाव वाईट आहे. शाळेतही मला पोरं मागून जमदग्नी म्हणायची. चोरी पकडली गेली की चोराला जो राग येतो तो मला आला. "म्हणजे सहा महिने तू माझी कीव करत होतीस!" मी ओरडलो. "तुझं घर भरलेलं आहे, तुला काय! म्हाताऱ्याला एक तास दान दिला की झालं." आणि फोन ठेवला. ती काय म्हणाली ते ऐकायला मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला फोन वाजला. मी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी वाजला, उचलला नाही. चौथ्या दिवशी वाजलाच नाही.

त्या आठवड्यात मी एक सिनेमा लावून पाहिला. माणसं फुलदाणीजवळ जाऊन तोंडं हलवत होती. त्यांच्या तोंडी काही घालावं म्हटलं तर मला एक वाक्य सुचेना. ऐकणारं कुणी नसेल तर खोटंसुद्धा बोलता येत नाही. जिन्यातली बाई खाली आली, मेणबत्ती वर धरून तिने चहूकडे पाहिलं, आणि मी टॅब बंद केला. मला रडू आलं. आमची ही गेली तेव्हाही मी असा मोकळेपणी रडलो नव्हतो. तेव्हा माणसं होती घरात.

मग कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तिथली तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबा." काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलं. मी आवाज आला की दाबलं आणि आला नाही तरी अंदाजाने दाबलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काका, मी काही लावलंच नव्हतं तेव्हाही तुम्ही दाबलंत." आयुष्यभर कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं आणि सत्तरीत मी स्वतः सापडलो.

कानातलं यंत्र मिळालं. घरी आलो तर घर ओळखीचं वाटेना. न्हाणीघरातला नळ गळत होता, किती महिने कोण जाणे. माझ्या चपला फरशीवर घासत होत्या. टॅब लावला, इंग्रजी परत आलं. खरं सांगायचं तर माझ्या मानाने ते लोक फारच साधं बोलत होते. दोघं पुटपुटत होते ते जमिनीबद्दल नव्हे, हवामानाबद्दल. पण ऐकू येत होतं. मधे कुणी बोलेनासं झालं की ती खोली, ते घड्याळ, ती सूंऽऽ.

दुसऱ्या दिवशी तीनला मीच फोन केला. माफी मागायची, मग यंत्राचं सांगायचं, असं घोकून ठेवलं होतं. एका रिंगमध्ये तिने उचलला.

"आक्का, मी—"

"जाऊ दे," ती म्हणाली. "आज कुणाला मारायचं?"

मी बोलणार तेवढ्यात मला तिकडचं ऐकू आलं. एक घड्याळ. भिंतीवरचं असावं, टिक, टिक. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या. लांब कुठेतरी फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, मग तोही थांबला. आणखी काही नाही.

"मोठ्यानं बोल रे," आक्का म्हणाली, "पोरांनी नुसता धिंगाणा मांडलाय इथं."

सहा महिने त्या फोनमधून तिच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं आणि तो माझ्या कानांचा दोष आहे असं मी धरून चाललो होतो. यंत्राचं सांगायचं ओठांवर आलेलं मी गिळलं.

संध्याकाळी भाच्याला फोन केला, उगाच बागेची चौकशी म्हणून. तो म्हणाला, "मामा, आम्ही तर मागच्या जूनपासून पिंपळगावला राहतो. पोरांच्या शाळेसाठी. मी सकाळी बागेवर येतो, दुपारी माघारी. आई नाय म्हणाली यायला. तुम्हाला सांगते म्हणाली होती. नाय सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणालो. "विसरलो मी."

मागच्या जूनपासून. म्हणजे सिनेमाचा पहिला फोन तिने केला तेव्हाच ती त्या घरात एकटी होती. ते धिंगाणे, ती माहेरची माणसं, सगळी तिची रचना. मी तिला सवती आणि माळी देत होतो आणि ती मला नातवंडं देत होती. माझ्याहून ती बरी सांगते. माझ्या गोष्टी तिला ओळखता आल्या, तिची मला आली नाही. आणि तिच्या त्या तासाला मी दान म्हणालो होतो.

निफाड काही सातासमुद्रापार नाही. सकाळच्या एसटीने जाता येतं. जाईनही, पण एकदम दारात उभा राहिलो तर तिचं भरलेलं घर मी मोडलं असं होईल. आधी तिने बोलवायला हवं. तोवर तीनचा फोन आहे. आता मला सिनेमातलं सगळं ऐकू येतं, तरी मी आपलंच रचून सांगतो, कारण तिला तेच हवं असतं आणि मी बहिरा आहे असंच तिला वाटायला हवं.

आजही तीनला बसलो. टॅबवर सिनेमा लावला, एक-दोन-तीन म्हटलं. तिचा फोन पालथा आहे हे मला ठाऊक आहे, तरी विचारलं, "कुठवर आलीस?"

"थांब, माझी बाई जिन्यात हाय. ए पोरांनो, गप बसा की जरा!" ती त्या रिकाम्या घरावर ओरडली. "काय रे, लय गोंधळ हाय ना?"

घड्याळ टिकटिक करत होतं.

"हो गं आक्का," मी म्हणालो, "केवढा गोंधळ आहे तुझ्याकडे. उतरू दे तिला सावकाश. मी थांबलोय."